मनगट धरल्याबद्दल

३ मार्च, रविवार. सकाळी १०.२०.

वेळ घड्याळात पाहून ठेवली आहे. नंतर कुणी नाकारून दाखवावं! प्रवचन आटोपून पायऱ्या उतरताना भन्ते भोवळ येऊन बसले. मी धावले, मनगट धरलं, नाडी पाहिली. छत्तीस वर्षं नर्स होते, दुसरं काय करणार — टाळ्या वाजवू? एवढ्यात विहाराचे व्यवस्थापक सगळ्यांसमोर ओरडले, "बाई, हात सोडा! भन्तेंचं ब्रह्मचर्य मोडलंत!"

ब्रह्मचर्य म्हणजे काय कपबशी आहे, हात लागला की फुटायला?

बाईने भिक्षूच्या हातात काही द्यायचं नाही. फडक्यावर ठेवायचं, ते उचलतात. मान्य. बारा वर्षं पाळलं. पण नाडीसुद्धा फडक्यावर ठेवून मोजायची?

वर ध्यानवर्गाला बंदी. मला! सकाळचा तो एक तास सोडला, तर दिवसभर भिंतींशी बोलायचं.

४ मार्च

धाकट्या बहिणीला फोन केला. हसतच सुटली. "ताई, एकोणसत्तराव्या वर्षी आळ! अगं, अभिनंदन!"

फोन आपटला.

६ मार्च

सापडलं!! वाचनालयातून भिक्षूंच्या नियमांचं पुस्तक आणलं. स्त्रीला स्पर्श हा मोठा दोष — पण कधी? मनात वासना असेल तरच! शाळेत आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर पट्टी घेऊन मुलींचे झगे मोजायच्या. इथे मन मोजतात. किती सरळ! आणि किती अवघड!

व्यवस्थापकांच्या टेबलावर पान उघडून ठेवलं. चष्मा पुसत म्हणाले, "ते भन्तेंनाच सांगू द्या."

सांगू दे की! वासना, आणि माझ्याबद्दल? खटला जिंकल्यात जमा.

९ मार्च

व्यवस्थापक घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. भन्तेंनी भिक्षुसंघापुढे दोष कबूल केला — मनात आलं होतं म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं, आपणहून! सहा रात्रींचं प्रायश्चित्त घेतलं आहे.

"तुमचा काही दोष नाही, बाई. बंदी उठवली. उद्यापासून या."

ते गेल्यावर घरभर फिरले. एका जागी बसवेना.

१० मार्च

वर्गाला गेले नाही. विहाराच्या समितीला पत्र टाकलं:

माझा दोष नाही, हे कुणी ठरवलं? नाडी पंधरा सेकंदांत मोजून झाली होती. हात मी व्यवस्थापक ओरडेपर्यंत सोडला नाही. माझं म्हणणं कधी ऐकणार, ते बुधवार, १३ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.