पथ्य नसलेलं दुखणं

मंगळवार, संध्याकाळ

आईच्या रक्ताचा कॅन्सर सावकाशीचा आहे, हे आधीच कळलं होतं. आज जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. आजारी पेशींमधल्या एका गुणसूत्राचा तुकडा गळालाय, आणि डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे. गळालाय ते चांगलं कसं? त्यांनी दोनदा समजावलं. असा बदल असला की आजार बहुधा बरीच वर्षं शांत राहतो, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी रक्त तपासू. मी मान डोलावली. तिथे वाटलं, कळलं.

आई मात्र खुर्चीतून उठेना. "गोळी नाही तर नाही, पथ्य तरी सांगा."

"काही नाही आजी, सगळं खायचं."

रिक्षात अख्खा गंगापूर रोड ती रिपोर्टचं पाकीट उघडत-मिटत होती. पथ्यसुद्धा नाही म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असंच धरलंय तिने बहुतेक.

दुपारी जेवताना तिने भरीत बाजूला सारलं. "आजपासून वांगं बंद." भरीत म्हणजे तिचा जीव की प्राण! मी ओरडायला हवं होतं. उलट मला बरं वाटलं. का?

मनमाडहून दादाचा फोन आला. तुकडा गळालाय, ते चांगलं आहे, औषध नाही... सांगत गेले तसा तो चिडत गेला. शेवटी म्हटलं, "वांगं बंद केलंय तिने." तर म्हणाला, "हां, मग ठीक आहे."

आता उरलेलं भरीत वाया नको म्हणून ताटात घेतलं, तर मलाच वांगं खाववेना. माझं कुठे काय गळालंय?