स्वयंपाकघर पेनसिल्व्हेनियात, पलंग न्यूयॉर्कात

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

आज पुन्हा माझी वरात. झोपायच्या खोलीतून वॉकर ढकलत, खुब्यातल्या कळा गिळत, बोळातून स्वयंपाकघरात. तिथं नॅडीन उभी. म्हणते, "या ऑरिन, आता जरा चालायचा व्यायाम करू." अगं बाई, मग इतका वेळ मी काय करत होतो? नाच?

पण ते चालणं धरत नाहीत. ते न्यूयॉर्कात झालं!

नॅडीन स्टॅंको ही आमच्या डोंगरातली एकुलती एक फिजिओ. घरोघर गाडी घेऊन फिरते. परवाना पेनसिल्व्हेनियाचा. कायदा म्हणतो, रोगी ज्या राज्यात असेल त्या राज्याचा परवाना हवा. आणि माझं घर बसलंय बरोबर हद्दीवर. स्वयंपाकघराच्या दारात बापाने ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी आहे. पट्टीच्या अलीकडे चूल, मोरी, मागचं दार — पेनसिल्व्हेनिया. पलीकडे बोळ, झोपायची खोली, संडास — न्यूयॉर्क. संडासात जे करतो त्याला परवाना लागत नाही, हे नशीबच म्हणायचं.

तर नॅडीन मागच्या दाराने येते आणि पट्टीपाशी थांबते. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्याने तिच्याकडे जायचं.

११ नोव्हेंबर, बुधवार

बर्फ. पाय सुजलाय. कालचाच पाव आणि बीन्स खाल्ले.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नॅडीनशी धड बोललो नाही. ती गुडघा वाकवायला सांगत होती, मी भिंतीकडे बघत होतो. तिने ओळखलं असणार. माझ्या बायकोच्या, लिओलाच्या वेळीही ती तिथेच, त्याच चौकटीला टेकून उभी राहायची.

गेल्या हिवाळ्यात लिओलाला झटका आला. डावी बाजू गेली. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हिला हलवा, बसवा, उठवा, पडून राहिली की छाती भरेल. छान! हलवणार कोण? नॅडीन पट्टीपाशी येऊन म्हणाली, माझा परवाना इथे संपतो, त्यांना इकडे आणाल का? मी आणि शेजारचा एल्डन लिओलाला खुर्चीत घालून उचलून आणायचो. दोनदा आणलं. तिसऱ्यांदा ती रडली. जीभ जड झाली होती, तरी शब्द नीट कळले — "बटाट्याचं पोतं करू नका माझं."

पलंगच स्वयंपाकघरात आणू म्हटलं, तर तो चुलीपाशी मावेना. न्यूयॉर्ककडच्या दवाखान्याला फोन केला, ते म्हणाले माणसं कमी आहेत, रांग आहे, हिवाळा सरला की बघू. हिवाळा सरायच्या आत लिओला गेली. छाती भरली. डॉक्टर म्हणाले होते तस्संच.

नॅडीन त्या दिवसांत चौकटीतून मला ओरडून सांगायची — उशी खांद्याखाली घाला, हात असा धरा, कुशीवर वळवा. मी आयुष्यभर दुधाचा टँकर हाकला. मला काय वळवता येतं! उलटसुलट करून तिला नुसतं दुखवलं.

१८ नोव्हेंबर, बुधवार

पडलो.

बोळातच. वॉकरचा पाय गालिच्यात अडकला. तोंडावर आपटलो, खुब्यातून अशी कळ गेली की वाटलं संपलं. डोळे उघडले तर समोर पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे नॅडीनचे बूट. मनात म्हटलं, आता ही तिथूनच सांगणार, हात असा ठेवा, गुडघा तसा घ्या.

बूट पट्टी ओलांडून आले.

तिने मला उठवलं, खोलीत नेलं, पलंगावर बसवलं. नुसतं बसवून गेली असती तर पडलेल्याला हात दिला म्हणून चाललं असतं, शेजारीपाजारीही देतात. पण तिने खुबा तपासला. मग पलंगावरून कुठल्या कुशीने उठायचं, पाय आधी कुठला टाकायचा, सगळं तिथेच शिकवलं. इतके दिवस मी चुकीच्या बाजूने उठत होतो! स्वयंपाकघरात पलंग नाही, मग तिला दिसणार कसं?

मी गप्प राहायला हवं होतं. राहवलं नाही. म्हटलं, "माझ्यासाठी ओलांडलीस. तिच्यासाठी का नाही ओलांडलीस?"

ती खाली बसून माझा बूट घालत होती. वर न बघता म्हणाली, "तिच्यासाठी ओलांडली नाही, म्हणून आज ओलांडली."

नाडी घट्ट बांधून दिली. मग ती मागच्या दाराने गेली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

नॅडीन थेट खोलीत आली. पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या परवान्यासाठी तिने लिओला गेल्यावरच अर्ज केलाय म्हणाली. अजून कागद फिरतायत. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. एल्डनच्या बायकोने टर्की पाठवली. लिओलाच्या खुर्चीकडे पाठ करून जेवलो. पण काठीवर चुलीपर्यंत गेलो, वॉकर नाही! कोणी बघायला नव्हतं.

३० नोव्हेंबर, सोमवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. मला कसली शिकार! पण आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये पहाटेचा नाश्ता असतो, एल्डन गाडीत घालून घेऊन गेला. सगळे शिकाऱ्यांच्या भगव्या जाकिटांत. मी काठीवर आत शिरलो तर टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

मग माझी जीभ सुटली. सांगितलं सगळ्यांना — नॅडीन कशी पट्टी ओलांडून आली, आता कशी पलंगापाशी येऊन शिकवते, कायदा गेला खड्ड्यात. सगळे हसले. फक्त टेबलाच्या टोकाला एक पाहुणा बसला होता, कोणाचा तरी मेव्हणा, तो खाली मान घालून पॅनकेक खात होता. तो न्यूयॉर्ककडच्या दवाखान्यात असतो हे परत येताना एल्डनने सांगितलं. तोच रांगवाला दवाखाना.

एल्डन म्हणाला, "गप्प बसायला काय घेतलं असतंस रे?"

१६ डिसेंबर, बुधवार

नॅडीन नुसती सांगायला आली. हातात पिशवी नव्हती, अंगातला कोटही काढला नाही. तिच्यावर तक्रार झालीय. परवाना नसलेल्या राज्यात रोगी तपासला, वारंवार. न्यूयॉर्कचा अर्ज अडकला. पेनसिल्व्हेनियाकडूनही विचारणा आलीय, तिकडे दोषी ठरलात तर इकडचा परवानाही जाऊ शकतो. मार्चमध्ये सुनावणी. तोवर वकिलाने माझ्या घरी पाऊल टाकायला मनाई केलीय. स्वयंपाकघरातही नाही.

मी म्हटलं, मी कबूल करतो, मीच बडबडलो. ती म्हणाली, त्यांना ते नकोय, कोणी सांगितलं यावर काही अवलंबून नाही.

हात दाखवून अवलक्षण केलं मी! आणि ते दुसऱ्याच्या कपाळी. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट जाताना सांगते, टाच आधी टेकवा.

२५ डिसेंबर

कोणी नाही. मी कोणाला बोलावलंही नाही.

११ जानेवारी १९९९, सोमवार

पाय पुन्हा आखडायला लागला. परत वॉकर.

न्यूयॉर्ककडच्या परवाना मंडळाला फोन केला. एक बाई होती, आवाज गोड. सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, म्हातारा माणूस फरशीवर पडलाय, आता बाईने काय आधी नकाशा बघायचा? ती म्हणाली, उचलल्याबद्दल कोणाची तक्रार नाही, तपासण्या-शिकवण्याबद्दल आहे. मी म्हटलं, तुमच्याकडची माणसं येत नव्हती त्याबद्दल तक्रार कुठे करायची? ते आमच्या खात्यात येत नाही म्हणाली. शेवटी म्हणाली, "साहेब, तुम्ही कुठे होतात, एवढाच प्रश्न आहे."

फोन आपटला. मी कुठे होतो! माझ्या घरात होतो!

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कायदा म्हणे रोग्याच्या रक्षणासाठी केलाय. कुठलाही भोंदू येऊन हाडं मोडू नये म्हणून. ठीक आहे. पण लिओलाचं रक्षण कोणी केलं? तिला तर कोणी हातच लावला नाही. इतकं रक्षण झालं तिचं.

१४ जानेवारी, गुरुवार

एल्डन आला होता. सरपण आत आणून टाकलं, कॉफी घेतली. पट्टीवर बूट आपटत बसला होता. एकदम म्हणाला, "ही पट्टी तुझ्या बापाने ठोकली ना? सरकारने तर नाही."

खरं आहे. बहात्तरच्या पुरात ओढ्याने कुरणातला हद्दीचा दगड लोळवला होता. पूर ओसरल्यावर बापाने तो परत उभा केला, त्यावरून दोरी धरली आणि दोरी घरात जिथून गेली तिथे पट्टी मारली. कर भरताना भांडण नको म्हणून. दोरी आणि डोळा! मोजणी कसली डोंबलाची.

एल्डनचं म्हणणं, मोजणीवाला बोलव. बोळ जरी पेनसिल्व्हेनियात निघाला तरी वकिलाला काहीतरी धरायला मिळेल. मी म्हटलं, आणि उलट निघालं तर? स्वयंपाकघरही न्यूयॉर्कात गेलं तर? मग तिची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक फेरी गुन्हा ठरेल.

तो म्हणाला, "आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

२० जानेवारी, बुधवार

नॅडीनला फोनवर विचारलं. तिचं पोट, तिचा परवाना, मी माझ्या मनाने तिच्या पायावर धोंडा कसा टाकू? ती म्हणाली, बोलवा. खरं काय ते तरी मला कळू दे.

मोजणीवाला सांगतो, बर्फ वितळल्याशिवाय येणार नाही. आणखी एक थांबणं.

८ फेब्रुवारी, सोमवार

नॅडीन एका दुकानात काम करते म्हणे. एल्डनने पाहिलं. काउंटरवर उभी होती. आमच्या पलीकडच्या वळणावर एक म्हातारी आहे, ढोपर बदललेली, तीही नॅडीनवाचून पडून आहे. तिचं घर आमच्यासारखं हद्दीवर नाही, पूर्ण पेनसिल्व्हेनियात आहे. पण नॅडीनने वकिलाच्या बोलण्याने घाबरून सगळंच थांबवलंय.

मला आज जेवण गेलं नाही.

२ मार्च, मंगळवार

मोजणीवाला आला. तरुण आहे, कमी बोलतो. तिपायावर यंत्र लावलं, पूर्वेकडचा दगड शोधला, पश्चिमेकडचा शोधला, दिवसभर चिखलात इकडून तिकडे. मी खिडकीत बसून होतो. आमच्या दगडापाशी खणून बघितलं आणि मान हलवली. ती मान कशी हलवली ते काही मला कळेना. कॉफी घ्या म्हटलं तर नको म्हणाला. आकडे जुळवून शुक्रवारी सांगतो.

एल्डन दारूची बाटली घेऊन आला, जिंकलो तर उघडू म्हणतो. चुलीमागे ठेवलीय.

४ मार्च, गुरुवार

काही सुचत नाही. बोळात काठीने चाललो, चार फेऱ्या की पाच. टाच आधी टेकवून. मनात म्हटलं, देवा, बोळ तेवढा पेनसिल्व्हेनियात निघू दे. बोळ आणि खोलीचा थोडा भाग. जास्त मागत नाही.

५ मार्च, शुक्रवार

बापाने दगड चुकीच्या जागी बसवला होता. सगळं घर पेनसिल्व्हेनियात आहे. न्यूयॉर्कात फक्त पुढची पायरी आणि टपालपेटी.

नॅडीन सुटली. लगेच फोन लावला. वाटलं, रडेल, हसेल.

तिने एवढंच विचारलं, "म्हणजे लिओलाचा पलंगसुद्धा?"

हो म्हणालो.