पिक्चरखालची पट्टी

३ फेब्रुवारी १९९६, शनिवार

"म्हैस विकने आहे. गाभन. स्वभावाने गरिब. भेटन्याची वेळ — दूध काढताना."

एका ओळीत चार चुका! आणि माणूस चांगला फेटा बांधून आलेला.

नोकरीचा पहिला आठवडा संपला. काम सोपं आहे. वीरधवलदादांच्या केबल ऑफिसात लोक जाहिरातीची चिठ्ठी आणून देतात, ती मी कॉम्प्युटरवर टाइप करायची. संध्याकाळी केबलला पिक्चर लागला की पडद्याच्या तळाशी माझी पट्टी सरकायला लागते. वर हिरो-हिरोइनचं गाणं, खाली गाभण म्हैस.

पण आज घरी येताना एक झालं. मंगळवार पेठेतून चालत होते. सगळ्या घरांतून एकच गाणं. उघड्या दारातून एका घरातला टीव्ही दिसला, आणि त्यात माझी ओळ चाललेली. पुढच्या घरातही तीच, त्याच अक्षरावर. अख्खा सातारा एकाच वेळी माझं वाचतोय! अंगावर काटाच आला. आईला सांगितलं तर म्हणाली, "आधी पाय धू."

६ फेब्रुवारी

आज हॉटेलवाल्याशी वाजलं. त्याने लिहिलेलं 'उपहारगृह'. मी म्हटलं, उपहार म्हणजे भेटवस्तू, खाण्याला उपाहार म्हणतात, 'पा'. तो म्हणाला, "म्याडम, बोर्डावर धा वर्सं उपहारच हाय. गिऱ्हाईक काय उपाशी गेलंय व्हय?"

मी 'पा' केलाच. मराठी घेऊन बी.ए. झाले ती काय उगाच?

१३ फेब्रुवारी

म्हैस गेली! उंब्रजच्या माणसाने घेतली. त्याची बहीण इथे साताऱ्यात असते, पिक्चर बघत होती, पट्टी वाचली आणि भावाला निरोप धाडला. म्हशीचा मालक पेढे घेऊन आला. बहिणीने सगळ्यात आधी काय वाचलं? तर "स्वभावाने गरीब". म्हणाली, बाकी म्हशी कुठंबी मिळतात.

मी ते खोडणार होते. म्हशीचा स्वभाव कशाला, म्हणून. बरं झालं राहिलं.

२ मार्च

आप्पासो — आमचे घरमालक — अंगणात उभे राहून किती वेळ नुसते खाकरत होते. मग म्हणाले, "पोराचं लगीन ठरलंय. खोली लागंल आमाला. एप्रिलअखेर बघा तुमी." वाईट वाटत होतं त्यांनाही. त्यांच्याकडे राहून मी शाळेपासून बी.ए.पर्यंत शिकले.

आईने ऐकलं, डबा भरला. रात्रपाळीला दवाखान्यात निघून गेली.

मला मात्र तशी काळजी नाही. खोल्यांच्या जाहिराती गावाच्या आधी माझ्याच हातात येतात ना!

९ मार्च

बघितल्या. शाहूपुरीतली, सदर बझारातली, आणि राजवाड्यामागची ती निळ्या दाराची. सगळीकडे एकच नाटक. चहा येतो. "आडनाव?" गायकवाड. तोंड खुलतं. मग थोडं थांबून — "म्हणजे कुठले गायकवाड?"

आईने बजावलेलं, "नुसतं गायकवाड म्हन आनि गप बस. गाव इचारलं तर सांगली सांग." मी गप्प बसले. त्यांनी सांगलीतलं कुठलं गाव ते विचारलं, मामाचं आडनाव विचारलं. शेवटी सगळ्यांकडे पाहुणे येणार निघाले. एवढे पाहुणे साताऱ्यात मावायचे कुठे कोण जाणे.

१५ मार्च

आज एक चिठ्ठी आली. जशीच्या तशी लिहून ठेवते:

"दोन खोल्या भाड्याने देने. नळ स्वतंत्र. सुसंस्कृत कुटूंब पाहीजे. एससी क्षमास्व."

देणे. कुटुंब. पाहिजे. क्षमस्व. सगळं दुरुस्त केलं. ओळ कशी स्वच्छ झाली. संध्याकाळी पिक्चरखालून गेली. कुठेही अडखळली नाही.

राग त्या माणसाचा नाही आला एवढा, माझाच आला. माझ्या तोंडावर लावायचं दार मीच रंगवून, तेलपाणी करून दिलं!

१८ मार्च

मी आमची जाहिरात लिहिली. स्टाफला एक फुकट असते.

"खोली पाहिजे. मायलेकी दोघी. आई सरकारी दवाखान्यात, मुलगी केबल ऑफिसात. आम्ही बौद्ध. ज्यांना चालेल त्यांनीच कळवावे."

दादांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. "दीक्षा, असं उघड... लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, दादा, परवा ते 'क्षमस्व' उघडच गेलं की. पिक्चर लागायच्या वेळी मी आपली बसून राहिले. त्यांनी स्वतः येऊन बटण दाबलं.

रात्रपाळी नव्हती म्हणून आई समोरच्या घरी पिक्चर बघायला गेली होती. आली तेव्हा चेहरा लाल. मी समजून गेले, आता 'बौद्ध'वरून सुरू होणार. झालं भलतंच. म्हणाली, "ते 'ज्यांना चालेल' कशापायी? आपुन काय इटाळ हाय का त्यास्नी चालवून घ्यायला? भाडं देनार आपुन."

ही तीच बाई, जिने मला नुसतं गायकवाड म्हणायला शिकवलं!

मी विचारलं, मग 'बौद्ध' असू दे? म्हणाली, "ते खरंच हाय की."

१९ मार्च

'ज्यांना चालेल' काढलं. आता शेवट असा — "आम्ही बौद्ध. लवकर कळवावे."

२२ मार्च

फोन वाजतो, पण आमच्यासाठी नाही. एक आला तो असा — "पिक्चरसाठी पैसे भरतो आम्ही. हे कशाला दाखवता?" दादांनीच घेतला. "वाचायचं नसंल तर वर बघा की," म्हणाले आणि ठेवला.

२४ मार्च, रविवार

काय लिहू! आज ऑफिसच्या पायऱ्यांवर रांग होती. खोली द्यायला आलेल्यांची नव्हे, मागायला आलेल्यांची.

सगळ्यात पुढे यल्लाप्पा गवंडी. जतकडचा, बोलण्यात कानडी हेल. "ते पट्टीवर तुमी लिवलासा न्हवं अक्का? तसंच माजंबी लिवा. वडार हाय म्हनून लिवा. भिंती बांधायला सगळे बोलवत्यात, ऱ्हायला कोन देईना झालंय." त्याच्या मागे नदाफ, फळांच्या गाडीवाले. त्यांच्या मागे आमच्यातलीच दोन घरं. मग सुलाबाई, कडेवर एक पोरगी आणि पदराला एक. नवऱ्याने टाकलेली, शिवणकाम करते. खालच्या आवाजात विचारते, "ताई, मी चांगली हाय असं लिवू का नको?"

चांगली आहेस म्हणून लिहावं लागतं का कुणाला? शेवटी तीच म्हणाली, "नको. शिवनकाम येतं येवढंच लिवा."

किती साधं सांगितलं एकेकाने! कुणी रडलं नाही, गयावया केली नाही. मी कोण, घरात माणसं किती, काम काय. बस्स. ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले, पण शब्द एकही हलवला नाही. हिंमतच झाली नाही.

संध्याकाळी पट्टी एवढी लांबली की गाणं संपलं तरी माणसं सरकतच होती. वडार आहे. मुसलमान आहे. बौद्ध आहे. नवऱ्याने सोडलेली आहे. एकामागून एक, शांतपणे. दादा आणि मी पडद्यासमोर उभे. दादा म्हणाले, "हे सगळे इथंच ऱ्हात होते व्हय गं?"

२८ मार्च

रांगेतली माणसं आता रोज येतात, काही निरोप आला का विचारायला. आईही ड्यूटी सुटली की येते. सगळे पायरीवर बसून चहा घेतात. नदाफचाचा गाडीवरची उरलेली द्राक्षं वाटतात. आई घरी जेवढी बोलत नाही तेवढी तिथे बोलते. आज यल्लाप्पाला विटा, वाळू असलं काय काय विचारत होती. दुसऱ्याच्या धंद्यात हिला काय एवढा रस?

७ एप्रिल

खोली मिळाली!!

गोडोलीच्या बनुबाई. मुलगा पलटणीत, सून माहेरी. स्वतः ऑफिसात आल्या. "ती आई आनि ल्येक कुठं हाईत? मला एकटीला घर खायला उठतं." खोली बघून आलो. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. आडनाव विचारलंच नाही. विचारलं काय, तर भाकरी बाजरीची खाता का ज्वारीची.

मी येताना रस्ताभर बोलत होते. आई नुसती हं हं करत होती. थकली असेल.

१४ एप्रिल

जयंती. पट्टी बंद. मिरवणुकीत आईच्या एका हाताला सुलाबाईची पोर, मागे यल्लाप्पा फेटा बांधून. दादा चौकात पाणी वाटत होते.

२० एप्रिल, शनिवार

दुपारी मान वर केली तर रांगेत आई. ड्यूटीच्या साडीतच. मी म्हटलं, आत ये की. "न्हाई, लंबर येऊ दे."

नंबर आला. म्हणाली, गोडोलीची खोली सुलाबाईला दिली, लहान पोरींना घेऊन तिला थांबता यायचं नाही, बनुबाईंशी बोलून झालंय. आपण पाऊस संपेपर्यंत आप्पासोंच्या पडवीत राहायचं, तेही हो म्हणालेत. मागे यल्लाप्पा, नदाफचाचा, सुलाबाई, ती दोन घरं, सगळे उभे. यल्लाप्पाच्या हातात मापाच्या दोरीचं बंडल.

"लिव," आई म्हणाली. "जागा पायजे. इकत. सहा घरं बसतील येवढी."