शिळं पाणी

प्रिय दिपमाला,

फोन केला असता, पण चिडलो की माझं निम्मं बोलणं आतच राहतं. म्हणून लिहितोय.

तू धुळ्याला माहेरी गेलीस आणि त्याच आठवड्यात, नळाचा दिवस यायच्या आधीच, अंगणातला हौद पुन्हा कोरडा! आता बोला. सून घरात नाही, दवाखान्यातल्या कामावरून आल्यावरची तिची दुसरी अंघोळ नाही, तिचे वेगळे भिजवलेले कपडे नाहीत. मग पाणी प्यालं कोण? आमच्या आईला, आक्काला, विचारलं तर म्हणते, "भिताड पेस आसीन." भिंत पाणी पिते म्हणे!

प्लंबर आला, नळाला हातही न लावता म्हणाला, काका, सगळी लाइन बदला. त्याला वाटेला लावलं. मोटारी दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही, उघडून बघत शिकलो. तसंच घरही उघडलं. संडासाच्या फ्लशच्या टाकीत हळद कालवली, भांड्यात पिवळा थेंब उतरला नाही. गच्चीवरच्या टाकीत निजताना कोळशाची रेघ मारली, पहाटे पाणी रेघेलाच. म्हणजे गळती नाही. तरी मेहरूण तलावावर फेरी मारून येईपर्यंत आक्काची हाक तयारच: "शालिग्राम, मोटर लाव, टाकी खाली व्हयनी."

काल वाटेतच चपलेचा अंगठा तुटला, अर्ध्यातून परतलो. गल्लीच्या तोंडाशी आलो तर आपल्या गच्चीच्या पन्हाळीतून धो धो पाणी. भर वैशाखात! वर धावलो. टाकी धुवायला मीच बसवलेला तळाचा कॉक सताड उघडा, आणि पदर खोचून आक्का शेजारी उभी. म्हणाली, "रातनं पानी शिळं शे. देवले चालस का?" पारोळ्याला ती रोज सकाळी रांजण ओतून ताजं भरायची, तेच इथे. फक्त रांजणाची टाकी झाली! मी ओरडलो, अगं, घरातलं पाणी तूच संपवतेस आणि नाव सुनेचं? तर शांतपणे म्हणते, "मी कोठे वापरस? मी ते फेकस."

तुझं लग्न आणि आक्काचं आपल्याकडे राहायला येणं एकाच उन्हाळ्यातलं. पाणी तेव्हापासूनच पुरेना, पण बोट एकीकडेच. "बापाघर तापी वाहास का?" हे तुला जेवत्या ताटावर ऐकवलं गेलं.

आक्काचं मी समजू शकतो. तिला वाटतं ती घर चोख ठेवते. कॉकची मूठ काढून मी खिशात घातली आहे, ती रुसली आहे, रुसू दे. माझा संताप वेगळाच आहे. उन्हाळाभर गच्चीवर कोण झोपतं? तुझा नवरा, आमचा नवल! पाणी रोज त्याच्या अंथरुणाला वळसा घालून जात होतं. विचारलं तर म्हणतो, "माहीत होतं आबा, पण आक्काला कोण सांगणार? तिला राग येतो." आणि बायकोला येत नाही? सगळं माहीत असून हा त्या ताटावर तुझ्यासमोर बसून भाकरी कुस्करत राहिला!

म्हणून हे पत्र. परत ये असं मी लिहिणार नाही. रविवारी त्याला घेऊन धुळ्याला येतोय. तुझ्या आईवडिलांसमोर, जे तेव्हा बोलला नाही ते त्याने बोलायचं. मी मध्ये एक शब्द घालणार नाही. पटलं तर बघ. नाही पटलं, तर चहा पाज आणि दोघांना वाटेला लाव. मला राग येणार नाही.

तुझाच,
आबा