पंधरा दिवसांचा केनेथ

कॉव्हेंट्री, सोमवार

तीर्थस्वरूप वैजयंतीताई,

शशिधरचा वॉटफर्डच्या दिशेनं तोंड करून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम सांगितला तेवढाच कर. तू दुप्पट करतेस आणि मग दुखतं म्हणून मलाच फोन करतेस. आम्ही इकडे मजेत. म्हणजे अनुया मजेत आहे. मी सकाळपासून दोनदा गाडी धुतली.

तू म्हणशील, चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून दुसऱ्यांना झोपवलंस, आता रिटायर झालास तर स्वतः झोप. तेच तर जमत नाही. दुपारी आडवा झालो की पाय आपोआप जमिनीवर येतात. म्हणून मार्चपासून मी टाकलेल्या पक्ष्यांच्या एका आश्रमात व्हॉलंटियर म्हणून जायला लागलो. माणसं हौसेनं पोपट आणतात, मग बाळ होतं, घर बदलतं, नाहीतर मालकच थकतो, आणि पोपट मात्र पन्नास-पन्नास वर्षं जगतो. केनेथ त्यातलाच. आफ्रिकन पोपट, अंगानं राखाडी, शेपटी लाल, वय एकतीस. त्याचे मालक मिस्टर हॉलिस अठ्ठ्याऐंशीचे, पूर्वीचे बस ड्रायव्हर. घरात पडले, नर्सिंग होममध्ये गेले, आणि तिथं पक्षी चालत नाहीत. केनेथनं त्या दुःखात छातीवरचं एकेक पीस उपटून काढलं होतं. (सोललेल्या कोंबडीसारखा दिसायचा, ताई. त्याच्यासमोर मी असं कधी म्हणत नाही.) आश्रमाच्या बाई म्हणाल्या, पंधरा दिवस सांभाळाल का? त्याला आता सात महिने झाले.

त्याच्यासोबत दोन पानी नियमावली आली. नॉनस्टिक भांडी बंद, कारण ती जास्त तापली की त्या वाफेनं पक्षी मरतो. उदबत्ती बंद. ॲव्होकाडो बंद (आपण कधी आणत नव्हतो, पण त्या दिवसापासून अनुयाला तेच खावंसं वाटायला लागलं). फोडणीचा धूर बंद. अनुयानं दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे देव उदबत्तीशिवाय, मी फोडणीशिवाय, आणि हे महाराज सेंट्रल हीटिंगमध्ये!" तेव्हापासून आमची फोडणी मागच्या बागेत होते, कॅम्पिंगच्या शेगडीवर, छत्रीखाली. छत्री मी धरतो.

(थांब, जरा बघून येतो. — आलो. काही नाही, मायक्रोवेव्हचा आवाज काढत होता. मी आत जाऊन मायक्रोवेव्ह उघडूनही पाहिला.)

तर ऑगस्टमधली गोष्ट. अनुया लायब्ररीत गेली होती आणि मी टोस्ट करपवला. धूर झाला. नियमावली आठवून मी धावत जाऊन खिडकी उघडली. केनेथ खुर्चीच्या पाठीवर मोकळा बसलाय, हे मला खिडकी उघडल्यावर दिसलं. उघडी खिडकी त्यालाही तेव्हाच दिसली.

शेजाऱ्यांच्या उंच झाडाच्या पार शेंड्यावर जाऊन बसला. मी खाली सफरचंद, शेंगदाणे आणि पिंजरा घेऊन उभा. एक तास, दोन तास. मी हाक मारली की वरून अनुयाच्या आवाजात "अहो, ऐकलंत का?" असं यायचं, आणि सवयीनं मी "हो, आलो" म्हणायचो. शेजारी हसत होते. मग तीन मॅगपाय, ते कावळ्यांसारखे दांडगे काळे-पांढरे पक्षी, त्याच्याभोवती जमले आणि हसणं थांबलं. घरात वाढलेला पक्षी बाहेर फार टिकत नाही, ताई.

शेवटी नर्सिंग होमला फोन लावला. नर्स म्हणाली, मिस्टर हॉलिस आल्यापासून कुणाशी एक शब्द बोललेले नाहीत, उपयोग होणार नाही. मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धरा. काय झालं ते त्यांना सांगितलं, स्पीकर चालू केला, फोन झाडूच्या दांड्याला बांधला आणि शिडीवर चढून वर केला. मग एकदम बस डेपोत घुमावा तसा आवाज आला, "केनेथ! कम डाउन, यू डाफ्ट बगर!"

ती ओळखीची शिवी ऐकून केनेथ उतरला. फांदी-फांदीनं, अगदी ओशाळल्यासारखा, आणि माझ्या डोक्यावर बसला. नर्स फोनवर रडत होती. मी शिडीवर होतो म्हणून मला ते परवडण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून हॉलिस रोज चार वाजता फोन करतात. दहा मिनिटं केनेथशी बोलतात आणि वीस मिनिटं मला झापतात. ब्रोकोली का दिली, रेडिओ का बंद केला, डॉक्टर असून एवढं कळत नाही? आता ते तिथल्या नर्सशीही भांडतात म्हणे. केनेथच्या छातीवर पुन्हा मऊ पिसं आली आहेत.

तात्पर्य, फार कटकट आहे. कुठं जाता येत नाही, सोफ्याची शिवण त्यानं उसवली, माझ्या चष्म्याची काडी खाल्ली. उद्या कुणी न्यायला आलं तर पिंजरा मी स्वतः गाडीत ठेवून देईन. काळजी नसावी. तब्येतीला जप.

तुझा,
शशिधर

ता. क. : शनिवारी अकरा वाजता हॉलिसची मुलगी सारा नॉर्विचहून केनेथला न्यायला येते आहे. तिला आता बाग असलेलं घर मिळालंय. वडिलांचा पक्षी, तिचा हक्क. मी लगेच हो म्हटलं. तू शुक्रवारीच ये. बेल वाजली की दार तू उघड. मला त्या वेळी नेमकं काहीतरी काम निघेल.

दुसरा ता. क. : साराला आपलं घर सापडलंच नाही, असंही होऊ शकतं. नॉर्विच लांब आहे.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून चार ओळी. हे पत्र लिहिताना हे अकरा वेळा उठून पिंजऱ्याकडे गेले. काल ह्यांच्या नकळत मी साराला फोन केला. तिच्या घरी दोन मांजरं आहेत आणि केनेथला तुमच्याकडेच ठेवाल का, हे कसं विचारावं म्हणून तीच बिचारी अडली होती. शनिवारी ती नुसती चहाला येतेय, वडिलांना गाडीत घालून. केनेथ इथंच राहणार. ह्यांना मात्र एवढ्यात सांगू नका. ह्या धास्तीनं का होईना, ह्यांनी माळा आवरलाय, गॅरेज रंगवायला घेतलंय. शुक्रवारपर्यंत कुंपणही होऊन जाईल. — अनुया