दहा वेळा दाबायचं

३ मार्च
आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकी मोठी, आणि कामाचं चष्म्याचं दुकान दोन मिनिटांवर. दुकानाच्या मालकीणबाई बोलक्या आहेत. मुख्य म्हणजे माझं जुनं नाक या गावात कुणी पाहिलेलं नाही. ऑपरेशनला वर्ष होत आलं तरी डावीकडे एक उंचवटा राहिलाच. कुठलीही फ्रेम घातली की तिरकी बसते. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे आणि स्वतःच्याच नाकाला नाक मुरडायचं, आहे की नाही गंमत.

९ मार्च
इथले डॉक्टर भले वाटले. दुसरं ऑपरेशन करता येईल, म्हणाले. हाड कानशीनं जरासं घासायचं, बस्स. पण आधी सूज पूर्ण उतरू दे. तोवर सकाळ-संध्याकाळ उंचवटा बोटानं दहा वेळा दाबायचा.
आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यावर गेलेलं नाक तुला नको झालं. आता आणखी किती पुसणार आहेस मला?" मी फोन ठेवला. नंतर तिनं केला नाही, मीही नाही.

१७ मार्च
दुकान, खोली, दुकान. रविवारी दिवसभरात एक शब्द बोलले नाही. आपल्याच बोटाचे ते दहा दाब, तेवढाच काय तो स्पर्श. फार एकटं वाटतं.

२१ मार्च
दहा झाले. बोट काढलं. अकराव्यांदा दाबलं गेलं, आतून.

२२ मार्च
पुन्हा. त्याच जागी, बोटाच्या टोकाएवढं. खोटं कशाला लिहू, भीती वाटायच्या आधी बरं वाटलं. कुणीतरी होतं.

२६ मार्च
डॉक्टरांनी उंचवट्यावर बोट ठेवलं आणि झटकन काढलं. बराच वेळ हात धूत राहिले. आहे ते छान आहे, म्हणाले, ऑपरेशन नको. पुन्हा येऊही नका. उघडून बघा तरी, म्हणून मी विनवलं. त्यांनी दार उघडून धरलं.

२९ मार्च
दाबणं थांबलं. आता घासतंय.
मालकीणबाईंनी सहज एक फ्रेम माझ्या डोळ्यांवर चढवली. सरळ बसली. उंचवटा गेला होता. किती छान दिसतेस, म्हणाल्या. मी हसले, आत कर्र-कर्र चालूच —

३० मार्च
थांबत नाही. फ्रेम घसरते, टेकायला हाडच —
आईला फोन लावला. आवाज धड फुटेना. आई, मी, म्हणाले. कोण बोलतंय, तिनं विचारलं. पुन्हा पुन्हा तेच —

३१ मार्च
नाक संपलं. आता डोळ्याखाली — गालाकडे — तिथे काही बिघडलेलं नव्हतं, तिथे मी कधीच काही —