गोड गळा

२ मार्च

आले एकदाची धाकटीच्या घरी. खोली झकास आहे. पूर्वेची खिडकी, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि पलंगावर उशांचा डोंगर, कारण मला आता सपाट झोपायची बंदी आहे. पडदे मात्र असे भडक, की घशापाठोपाठ डोळ्यांचंही ऑपरेशन करावं लागेल. तसं धाकटीला सांगितलं, तर म्हणाली, ताई, तू बरी व्हायला लागलीस बघ.

गेले कित्येक दिवस पाण्याचा घोटसुद्धा उतरत नव्हता. अन्ननलिका आकसली आहे, साधी गोष्ट आहे, असं धाकटीनं डॉक्टरांना विचारून मला सांगितलं. परवा तिथे धातूच्या जाळीची नळी बसवली. आज उकडलेलं अंडं कुस्करून खाल्लं आणि चक्क रडले. अंड्यापायी रडणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

पाव खायचा नाही, अडकतो. घास बारीक. जेवताना ताठ बसायचं. ते शाळेत नन्सनी पाठीत पट्टी घालून आधीच शिकवलंय. शेवटी दोन घोट सोडा, नळी धुऊन निघावी म्हणून. आणि बोलायचं कमी. मग माझ्या जिभेची खाज कुठे भागवायची? म्हणून ही वही. बरं वाटलं की माझ्या घरी, माझ्या कुंड्यांपाशी परत.

५ मार्च

आज सोडा प्यायल्यावर ढेकर यायचा, त्याऐवजी छातीतून शब्द आले. थँक्यू हं. मी म्हणाले नव्हते. ओठ मिटलेले होते. धाकटी टेबल पुसत होती, ती म्हणाली, उभ्या जन्मात तू मला पहिल्यांदा थँक्यू म्हणालीस, आता आभाळ कोसळणार.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी केस पिकवले. आवाज ओळखते. हा माझाच होता, पण नोकरीतला. नन्सनी घोटवून घेतलेला, शिव्या घालणाऱ्यालाही ‘कृपया थांबा’ म्हणणारा. घरी निघताना तो मी टेबलाच्या खणात ठेवून येत असे.

नळीत हवा अडकत असेल. बघू.

९ मार्च

सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी होतं. तसं सांगणार होते. चमचा तोंडात असतानाच खालून आलं, छान झालंय गं, किती करतेस माझ्यासाठी. मेहुण्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, ही नळी वीस वर्षांपूर्वीच बसवायला हवी होती. दोघं पोट धरून हसले. मी हसले नाही. माझ्या घशातून मात्र हसण्याचा आवाज येत होता.

लाइनवर तिसरं कुणी ऐकत असलं, की मला श्वासावरून कळायचं. आता तसाच श्वास येतो. नळीच्या खालून.

१३ मार्च

स्वयंपाकघराच्या दारापाशी पोचले आणि मिक्सर बंद झाला. मेहुणे म्हणत होते, अगं, सांगून टाकू त्यांना. धाकटी म्हणाली, खबरदार! कॅन्सर म्हटलं की ताई हाय खाईल. नळीनं रोग जाणार नाही, चार घास सुखानं उतरतील एवढंच, असं डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग ते उतरू देत.

शाळेत हिच्या थापा निस्तरताना मी गुडघे टेकून शिक्षा भोगल्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि गळा तरी कुठला निवडला!

मरणाची नाही, मला चीड येते ती या लपवालपवीची. किती दिवस उरलेत ते कळलं, तर ते मी माझ्या घरी काढीन. जेवताना तेच विचारायला तोंड उघडलं. आवाज आला, मी आता इथेच राहीन म्हणते. माझं घर बंद करून टाका.

धाकटीनं माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. बरं झालं म्हणून आलेलं.

१८ मार्च

तपासणी. डॉक्टरीणबाई डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. धाकटी मध्ये बोलू लागली तर तिला थांबवलं आणि मला विचारलं, आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? काही विचारायचंय?

याच प्रश्नाची वाट पाहत होते. सगळं बळ एकवटलं —

काही नको, डॉक्टर. माझ्या बहिणीला विचारा. तिचा शब्द तो माझा शब्द.

मी मान हलवत राहिले. नाही, नाही. दमलीय हो, असं धाकटी म्हणाली.

१९ मार्च

कागदावर लिहिलं: कॅन्सर आहे, मला कळलंय. मला माझ्या घरी ने. धाकटीपुढे धरला. ती पांढरी पडली.

घशातून खुदकन हसू. गंमत केली गं, वेडाबाई.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले — तिनं पाहिले, नीट पाहिले. मग कागद फाडला. वाकली, माझ्या छातीला कान लावला. म्हणाली, बोल ना ताई. लहानपणापासून मला हीच ताई हवी होती.

तिला कळलंय. तिला सगळं —

२२ मार्च

दोघं आता छातीशीच बोलतात. वर कुणी बघत नाही.

घास उतरतो. मला पोचत नाही. दोन घास झाले की आतली म्हणते, पोट भरलं हं. की ताट उचललं. आरशात माझी गालफडं — आणि आतलीचा आवाज कसा भरलाय, खाऊन-पिऊन सुखी —

२४ मार्च

लिहिते ते आतली पुटपुटते. शब्द पुरा व्हायच्या आत. माझ्या आधी —

धाकटी आलीय. शेजारी बसली. छातीला विचारते, ताई, दमलीस ना? वही ठेवू का गं आता?

मी मान हलवतेय — नको — पेन घट्ट धरलंय — नको — आणि खालून, गोड, अगदी गोड: हो, ठेव बाई. माझं लिहून झा